तळवटचा न तुटणारा दोर

धुपाटणं नावाच्या एका डोंगराच्या पायथ्याशी तळवट नावाचं गाव वसलं होतं. डोंगराच्या माथ्यातून बारा महिने धुराची बारीक रेघ निघत असे, म्हणून त्याला हे नाव पडलं होतं. गावाला त्या धुराची इतकी सवय झाली होती, की एखाद्या सकाळी धूर दिसला नाही तर पाणवठ्यावरच्या बायका म्हणत, "आज धुपाटणं उशिरा उठलंय." डोंगराच्या पोटात आग आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण तिथल्या काळ्या, राखट मातीत ज्वारीचं कणीस वीतभर लांब येई आणि वांग्याची झाडं फळांनी वाकून जात. त्यामुळे त्या आगीचा विचार कुणी रोज करत बसत नसे.

या गावात हैबती नावाचा एक म्हातारा दोर वळणारा राहत होता. अंबाडीच्या सालीचे धागे, म्हणजे वाख, भिजवावा, मांडीवर घेऊन पीळ द्यावा, मोटेचा नाडा, बैलाचं दावं, पाळण्याची दोरी करावी, हा त्याचा धंदा. पण गावात त्याला मान होता तो यासाठी नव्हे. त्याला मान होता डोंगरावरच्या दोरासाठी.

ही दोराची गोष्ट हैबतीच्या पणजोबापासूनची. पणजोबा पोरवयाचा असताना एकदा हा डोंगर फुटला होता. तो तेव्हा नदीपलीकडे मामाकडे गेला होता, म्हणून वाचला. पलीकडच्या काठावर उभं राहून त्याने आपलं घर, आईबाप, गुरंढोरं राखेखाली जाताना पाहिली. पुढे त्याने जुन्या धनगरांना विचारून माहिती काढली. धनगर म्हणाले, डोंगर फुटायच्या आधी चार-सहा महिने त्याच्या पूर्वेकडच्या खांद्यावरची भेग रुंद होत चालली होती. आधी मेंढरू उडी मारून जायचं, मग जाईना. पण भेग किती वाढली हे कुणी मोजलं नाही आणि गावात येऊन कुणी सांगितलंही नाही.

पणजोबाने ही गोष्ट मनात धरली. पुन्हा गाव वसलं तेव्हा त्याने भेगेच्या दोन्ही काठांवर एकेक दगडी खांब पुरला आणि या खांबापासून त्या खांबापर्यंत अंबाडीचा दोर ताणून बांधला. इतका ताणून, की बोटाने छेडला तर वाजावा. मग त्याने गावाला नियम घालून दिला. दोर तुटला, की डोंगराचं अंग फुगलंय असं समजायचं. चुलीवरची भाकरी तशीच टाकायची आणि दिवस मावळायच्या आत नदी ओलांडायची.

नियम साधा होता. दोर वर्षभरात उन्हापावसाने कुजतो, म्हणून दर माघात जुना काढून नवा बांधायचा. पहिल्या वर्षी काढलेला जुना दोर पणजोबा फेकून देणार होता, तेवढ्यात एका बाळंतिणीने त्यातला वीतभर तुकडा पाळण्याला बांधायला मागून घेतला. डोंगराची नजर लागू नये म्हणून. दुसऱ्या वर्षी आणखी दोघींनी मागितला. चार-पाच वर्षांत खांबापासून खांबापर्यंतचा जुना दोर कापून, घरटी एक वीत वाटायची चालच पडली. तेव्हा गावात वीस घरं होती आणि दोर बरोबर वीस वितींचा भरत असे.

पुढे काय झालं, तर दोर दोनदा तुटला.

पहिल्यांदा सगळं गाव नदीपलीकडे गेलं. पंधरा दिवस झाडाखाली राहिलं. डोंगर थोडा गुरगुरला, थोडा हलला आणि पुन्हा निजला. डोंगराचं असंच असतं. तो कूस बदलतो म्हणजे दर वेळी उठतोच असं नाही. लोक परत आले तर उभी ज्वारी रानडुकरांनी साफ केलेली. दुसऱ्यांदा तुटला तेव्हा हैबतीचा आजोबा दोर बांधत असे. त्या वेळी अर्धंच गाव गेलं आणि आठ दिवसांत शिव्या देत परत आलं. "दोर कुजका, वळणारा त्याहून कुजका," असं लोक तोंडावर बोलले. पाणवठ्यावर आजीची घागर कुणी उचलून देईना.

आजोबा स्वभावाने गरीब होता. भांडण त्याला सोसत नसे. पुढच्या माघात त्याने दोर बांधताना हातभर ढील सोडली. एक हात. भेगेवर दोर जरासा लोंबला, एवढंच. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

त्यानंतर दोर कधी तुटला नाही.

आजोबाने बापाला शिकवलं, बापाने हैबतीला शिकवलं. वाख दोन दिवस भिजवायचा, तीन पदरी पीळ द्यायचा, खांबाला सात वेढे मारायचे आणि बांधताना हातभर ढील सोडायची. का सोडायची हे आजोबाने सांगितलं नाही, बापाने विचारलं नाही. हैबतीला तर तो धंद्यातलाच एक भाग वाटे. साठ वर्षं दोर तुटला नाही, तसा या घराचा मान चढत गेला. माघी जत्रेत डोंगराच्या देवाचा पहिला फेटा हैबतीला. पंगतीत पहिलं पान हैबतीला. सोयरीक जुळवताना तळवटची माणसं अभिमानाने म्हणत, "आमच्या गावचा दोर तुटत नसतो." दोर तुटावा म्हणूनच बांधला होता, हे आता कुणी बोलून दाखवत नसे.

आणखी एक गंमत होती. गाव वाढत होतं. विसांची तीस घरं झाली, तिसांची अडतीस झाली. पण जुना दोर दर जत्रेला सगळ्या घरांना पुरत असे. एक तुकडा कमी पडला असं कधी झालं नाही. लोक म्हणत, डोंगरदेवाला आपल्या घरांची गणती ठाऊक आहे. हैबती तुकडे कापून वाटायचा तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. आपल्या हातून देव सगळ्यांना पुरवतोय, असं त्याला खरंच वाटे. त्यात लबाडी नव्हती. अजून तरी नव्हती.

त्या साली हैबतीच्या मुलाचं, सटवाचं लग्न झालं. सून आली नदीपलीकडच्या कोष्ट्यांच्या गावातून. तिचं नाव हौसा. बोलायला कमी, पण हातमागाच्या घरात वाढलेली, त्यामुळे लांबीरुंदीला तिचे डोळे पक्के. तिची पहिलीच जत्रा. हैबतीने फेटा बांधून जुना दोर कापला. अडतीस घरांना अडतीस तुकडे दिले, वर तीन उरले. ते रंगराव पाटलांच्या बैलांच्या शिंगांना बांधले. सगळीकडे आनंदीआनंद झाला.

घरी आल्यावर हौसाने भाकरी वाढता वाढता विचारलं, "मामंजी, वीत तीच हाय, खांबबी तेच हायत. मग तुकडं जास्ती कसं भरलं?"

"देवाची किरपा," हैबती म्हणाला.

हौसाने दुसरी भाकरी वाढली. मग म्हणाली, "आमच्याकडं लुगडं नऊ हाताचं. घरात माणसं वाढली म्हनून ते धा हाताचं व्हत न्हाई."

सटवा हसला. हैबतीही हसला. "कोष्ट्याची पोर हाय, समदं हातानं मोजती," असं म्हणून त्याने भाकरीचा तुकडा मोडला.

असं असतं, की एखादी गोष्ट कुणी बोलून दाखवेपर्यंत आपण सुखात असतो. एकदा ती कानात शिरली, की निघत नाही. हैबती दावं वळायला बसला की हात आपोआप मोजू लागत. पणजोबाच्या वेळी वीस विती. बापाच्या वेळी तीस. औंदा एकेचाळीस. खांब तर दगडाचे, जागचे हललेले नाहीत. मग हललं काय?

पावसाळा संपल्यावर तो एकटाच डोंगरावर गेला. वाटेत गरम पाण्याचं कुंड होतं, तिथे बायका वाकळा धुवायच्या. त्याने सवयीने पाय बुडवला आणि झटकन मागे घेतला. कुंडाकाठचं शेवाळ पिवळं पडलं होतं. वर भेगेजवळ धूर नाकाला झोंबत होता. माघात सोडलेली हातभर ढील निम्मी उरली होती.

दुसरं माणूस असतं तर तिथूनच ओरडत खाली आलं असतं. हैबतीने मनाची समजूत घातली, की पावसाने दोर आखडला असेल. अंबाडीचा दोर भिजला की आखडतो, हे खरं आहे. पण वाळला की पुन्हा सैल होतो, हेही खरं आहे. चाळीस वर्षं दोर वळणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल?

पौषात हौसाला मुलगी झाली. बाळ पंधरा-वीस दिवसांचं झालं असेल, तेव्हा घरातल्या फळीवरची भांडी आपोआप किणकिणू लागली. दिवसातून एकदा, मग दोनदा. दुभत्या म्हशी दावणीला ओढ देऊ लागल्या. गाव म्हणालं, जत्रा जवळ आली, डोंगरदेव खुशीत आहे. हैबती काठी टेकत पुन्हा वर गेला. पायवाटेवर मधमाश्या मरून पडल्या होत्या, इतक्या की पाऊल कुठे ठेवावं कळेना. दोर पार ताणला होता. ढील संपली होती. त्याने बोटाने छेडला तर तो वाजला.

साठ वर्षांत तो दोर असा वाजला नव्हता. आजोबाने ढील का सोडली, आणि दरसाल थोडी थोडी रुंदावणारी भेग त्या ढिलीने इतकी वर्षं कशी झाकली, हे हैबतीला त्या एका आवाजात उमगलं. दोन-चार दिवसांत दोर आपणहून तुटणार होता. त्याला काहीच करायचं नव्हतं. नुसतं खाली येऊन वाट पाहायची होती. दोर तुटला असता, गाव हादरलं असतं, जुना नियम म्हाताऱ्यांना आठवला असता.

तो गावात आला तो थेट पाटलांच्या ओसरीवर. सांगून टाकायचं असं ठरवूनच आला होता. पण रंगराव पाटलांनी त्याला बोलूच दिलं नाही.

"या हैबतीबाबा, तुमचंच नाव चाललं व्हतं," पाटील म्हणाले. "औंदाच्या जत्रंला देवळापुढं तुमच्या आज्याच्या नावानं कट्टा बांधायचा ठरलंय. साठ वरसं दोर तुटला न्हाई, ह्ये काय साधं काम हाय व्हय? पाथरवट दगड घडवाया लागलाबी."

ओसरीवरची माणसं मानेने होय होय म्हणत होती. हैबती उंबऱ्याशी उभा राहिला. देवळाच्या बाजूने छिन्नीचा आवाज येत होता. आपल्या घराचं नाव दगडात कोरलं जात होतं, आणि ते कोरून होण्याआधीच दोर तुटणार होता.

"काय काम काढलंत?" पाटलांनी विचारलं.

"काय न्हाई," तो म्हणाला. "सहज आलो."

दुसऱ्या दिवशी तो डोंगरावर गेला. खांबाचे सात वेढे होते, त्यातले तीन त्याने उलगडले आणि दोन हात दोर भेगेवर सोडला. दोर पुन्हा लोंबू लागला. पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे, तो स्वतःशी म्हणाला. जत्रा होऊ दे. कट्टा होऊ दे. जत्रेनंतर नवा दोर बांधताना ढील न सोडता, पणजोबाने बांधला तसा ताणून बांधीन. मग तुटो की काही होवो.

इथे मात्र लबाडी आली. आजोबाला ठाऊक नव्हतं काय होईल, बापाला ठाऊक नव्हतं का करतोय. हैबतीला दोन्ही ठाऊक होतं.

तो घरी आला तेव्हा हौसा बाळाला तेल लावत होती. तिने त्याच्या हातांकडे पाहिलं. तळव्यांना कुजक्या वाखाची कुसळं लागली होती. जत्रेला पंधरा दिवस असताना जुन्या दोराला कुणी हात लावत नाही, हे वर्षभरात तिलाही कळलं होतं.

"मामंजी," तिने हळूच विचारलं, "ढील किती सोडली?"

"न्हेमीएवढीच," हैबती म्हणाला आणि तोंड धुवायला घरामागच्या परड्यात गेला.

जत्रा नेहमीसारखीच दणक्यात झाली. कट्ट्यावर आजोबाचं नाव कोरलं होतं. हैबतीला फेटा बांधला, त्याला कट्ट्यावर बसवलं, बायकांनी ओवाळलं. मग जुना दोर कापायला घेतला. अडतीस घरं झाली. बैल झाले, गाई झाल्या. देवळापुढच्या चाफ्याला एक बांधला, तरी हातात तुकडे उरलेच. सत्तेचाळीस भरले. "औंदा देव लईच उदार झाला," पाटील म्हणाले. ढोल वाजत होते आणि पायाखालची जमीन थरथरत होती. लोकांना वाटलं, ढोलांनीच थरथरतेय. हैबतीला मात्र खरं कारण कळत होतं. त्याने हौसाकडे पाहिलं. ती बाळाला छातीशी धरून, मान खाली घालून जमिनीकडे बघत उभी होती. बाळाच्या मनगटालाही वीतभर दोर बांधला होता.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हैबती नवा दोर खांद्यावर घेऊन वर गेला. स्वतःशी दिलेला शब्द त्याने पाळला. उशिरा पाळला, पण पाळला. एका खांबाला वेढे मारले, भेगेच्या टोकाला वळसा घालून पलीकडे गेला, आणि अंगात होतं नव्हतं ते बळ लावून दोर ताणला. तीळभर ढील सोडली नाही. गाठ मारून तो उतारावर टेकला आणि बघत राहिला. ऊन डोक्यावर यायच्या आधीच दोर तुटला. आवाज फार मोठा झाला नाही. दोन टोकं भेगेत लोंबली.

हैबती सत्तरीचा होता, गुडघ्यांनी अधू होता. तरी तो ठेचकाळत, घसरत, कोपरं सोलून घेत खाली आला. गावात शिरताना त्याला श्वास घेववत नव्हता.

"दोर तुटला," तो म्हणाला. "पाटील, दोर तुटला. गाव काढा."

चावडीपुढे माणसं जमली. मग कुणीतरी म्हणालं, "आज बांधलेला दोर आजच कसा तुटंल?" दुसरा म्हणाला, "बाबा थकला. पीळ सैल पडला असंल." तिसऱ्याने त्याचा हात धरून त्याला बसायला जागा दिली आणि पाणी आणून दिलं. कुणी त्याच्यावर रागावलं नाही. सगळे त्याला समजावत होते. तीन पिढ्यांनी गावाला शिकवून ठेवलं होतं, की चांगला दोर तुटत नाही. आता दोर तुटला तर त्याचा अर्थ एकच निघत होता, की दोर चांगला नव्हता.

मग हैबतीने सगळं सांगितलं. पणजोबाचा नियम सांगितला, आजोबाची हातभर ढील सांगितली, तुकडे का पुरत होते ते सांगितलं. शेवटी पंधरा दिवसांपूर्वी आपण काय केलं, तेही सांगितलं. डोक्याचा मानाचा फेटा काढून त्याने जमिनीवर ठेवला. "त्यो दोर त्यापायीच बांधला व्हता," तो म्हणाला. "तुम्हांला सांगावा द्यायला. म्या त्याचं त्वांड दाबलं."

पाटलांचा चेहरा बदलला. ते सावकाश म्हणाले, "म्हंजी साठ वरसं तुमच्या घरानं आमाला फसवलं. मग आज तुमी खरं बोलताय, ह्ये कशावरनं मानावं?"

हैबतीने नुसतं डोंगराकडे बोट दाखवलं. कुणी वळून पाहिलं नाही.

हौसा गर्दीतून पुढे आली नाही. ती घरात गेली, बाळाला झोळीत बांधलं, पाण्याची घागर काखेला मारली आणि नदीच्या वाटेला लागली. जाताना शेजारच्या दोघीतिघींच्या दारात उभी राहून एवढंच म्हणाली, "मी चालले. वर्षात सा तुकडं वाढलं, ते मी मोजलंत." तिच्यामागे दोन घरं निघाली, मग पाच, मग आठ. दुपार कलेपर्यंत सोळा घरांना कुलपं लागली. बावीस घरं राहिली. ज्वारी काढणीला आली होती, डुकरांच्या तोंडी कोण देणार?

हैबतीने सटवाला शोधलं. तो परड्यात वाख निवडत बसला होता. रोजच्यासारखा, निवांत.

"चल, पोरा. तुझी बायकू म्होरं गेली."

"तू हो म्होरं, बा," सटवा म्हणाला. त्याचे डोळे लाल झाले होते. "तिथं समदी काय म्हनत व्हती, ऐकलंस न्हवं? तुझा पीळ सैल पडला म्हन. आज्याचं नाव दगडावर कालच बसलं, आन आज त्यावर पोरं थुकली. मी नवा दोर वळतो. चौपदरी. सकाळच्याला बांधून येतो. न्हाई तुटला म्हंजी त्यांची त्वांडं गप व्हतील."

"सटवा, दोराचा दोष न्हाई रं."

"मला ठावं हाय. तुझ्या दोराचा दोष असूच शकत न्हाई," सटवा म्हणाला.

हैबतीने हात जोडले, पाय धरले. आयुष्यभर त्याने मुलाला एकच गोष्ट शिकवली होती, की आपल्या घराचा दोर तुटत नाही. ती मुलगा इतकी नीट शिकला होता, की आता बापाच्या तोंडून दुसरं काही त्याला ऐकू येत नव्हतं. शेवटी सटवानेच बापाला पाठुंगळी घेऊन नदीच्या उताराला नेऊन सोडलं. तिथे थांबलेल्या हौसाकडून बाळाला एकदा हातात घेतलं. "उद्या दुपारी येतो न्यायला," असं हौसाला सांगून तो मागे वळला. हौसाने त्याची बाही धरली होती. त्याने ती हळूच सोडवली.

दुसऱ्या दिवशी सूर्य कासराभर वर आला तेव्हा पूर्वेकडचा खांदा उघडला. पलीकडच्या काठावर सोळा घरांची माणसं उभी होती. आधी आवाज आला नाही, नुसता राखेचा काळा लोट वर चढला, आणि मग तो उतारावरून खाली घसरला. देऊळ, चाफा, कट्टा, पाटलांचं घर, पिकलेली ज्वारी, सगळं त्याने पांघरलं. हैबती पणजोबा उभा होता त्याच काठावर उभा होता. फरक इतकाच, की पणजोबाला आधी काही ठाऊक नव्हतं.

पणजोबाचा अंदाज चुकला नव्हता. दोर तुटल्यावर एक दिवस मिळाला होता. हैबतीने ढील सोडली नसती तर पंधरा मिळाले असते. पंधरा दिवसांत, रडत, शिव्या देत, सगळं गाव नदीपार झालं असतं. सटवाही.

तो कुठे सापडला नाही. डोंगराच्या वाटेवरच असणार, खांद्यावर चौपदरी दोर घेऊन.

पुढे वाचलेल्यांनी नदीपलीकडे झोपड्या घातल्या. राख निवल्यावर हैबतीने डोंगराच्या या अंगाला उरलेल्या भेगेवर पुन्हा दोन खांब पुरले. दोर तो ताणूनच बांधी. जुना दोर काढला की तिथल्या तिथे जाळी. कुणी तुकडा मागितला नाही, त्याने कुणाला दिला नाही. दोर तुटला की लोक गठुडी बांधून निघत, आणि काही झालं नाही तर परत येत. डुकरांनी ज्वारी खाल्ली तर खाल्ली. हैबतीला मात्र कुणी शिवी दिली नाही. मानही दिला नाही.

हौसा त्याला दोन वेळा भाकरी वाढत असे. सटवाबद्दल ती त्याला एक अक्षर बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्याला रोज वाटे. फक्त तो दोर वळायला बसला की ती हातातलं काम सोडून त्याच्यासमोर येऊन उभी राही. मग तो डोंगरावरचा दोर असो, विहिरीचा असो, की नातीच्या पाळण्याचा असो.

"मामंजी, ढील किती सोडली?"

"काईच न्हाई, पोरी," तो म्हणे.

ती दोर हातात घेई, ताणून पाही, आणि मगच आत जाई. म्हातारा मरेपर्यंत तिने एकदाही त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही, आणि त्यानेही तिच्याकडे तो कधी मागितला नाही.

तात्पर्य: ज्याच्यावर संकटाची खूण राखायचं काम आहे, त्याने आपली अब्रू त्या खुणेत गुंतवू नये. खूण झाकली म्हणून संकट थांबत नाही. पळायला मिळणारा वेळ मात्र जातो, आणि तो बहुतेक वेळा दुसऱ्याचा असतो.